आईच्या सामानाची वाटणी: पैशांचं जमलं, शिलाई मशीनवर अडलंय

मधली
आईला जाऊन सात महिने झाले. आम्ही तिघं: दादा, मी आणि धाकटी. आईने मृत्युपत्र केलं होतं, त्यात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी म्हणून, माझं नाव. का, ते तिलाच ठाऊक. बहुधा मी सगळ्यात कमी भांडते म्हणून.

पैशांचे तीन सारखे भाग आहेत, घर विकायचं हेही तिघांना मान्य आहे. घोळ आहे तो एका ओळीचा: "घरातलं सामान मुलांनी समजुतीने वाटून घ्यावं."

शिलाई मशीन घ्या. त्याच मशीनवर कपडे शिवून आईने आमच्या फिया भरल्या. धाकटी म्हणते, आई मला म्हणाली होती, 'हे तुलाच.' दादा म्हणतो, मलाही म्हणाली होती. दोघंही खरं बोलत असणार, कारण मलासुद्धा म्हणाली होती. आईला कुणाला नाही म्हणता यायचं नाही.

शेवटची चार वर्षं धाकटी आईजवळ राहिली. नोकरी अर्धवेळ केली, रात्री जागून काढल्या. दादाचं म्हणणं, "भाडं न देता राहिलीच की." हे तो तिच्या तोंडावर बोलला. मग तिने आईचा पत्रांचा डबा उचलून स्वतःकडे नेला, 'हरवायला नको' म्हणून. दुसऱ्या दिवशी दादाने घराचं कुलूप बदललं. वहिनींनी चमचे मोजल्याचं कानावर आलं, ते मी ऐकलंच नाही असं धरून चालते.

एक्झिक्युटर म्हणून मीच ठरवून टाकू का? की सगळं विकून पैसे वाटू? आणि खरं सांगायचं तर मलाही एक वस्तू हवी आहे, आईची हिशेबाची वही. अजून बोलले नाही. बोलले तर मधलीनेही हात मारला असं होईल.

जुनाकारकून
वकिलाच्या कचेरीत तीस वर्षं कागद लावले, त्यावरून सांगतो. मशीन राहू द्या बाजूला, आधी देणी. औषधोपचाराची बिलं, कर, उधारी, अंत्यविधीचा खर्च हे सगळं भागवून जे उरेल त्याचीच वाटणी. एक्झिक्युटरने घाई करून वाटून टाकलं आणि मागाहून कुणी आपलं येणं मागत उभा राहिला, तर ते एक्झिक्युटरच्या अंगावर येऊ शकतं. भावंडं तेव्हा फोन उचलत नाहीत.

दुसरं, खोलीखोलीचे फोटो काढा आणि यादी करा. प्रत्येक पानावर तिघांची सही. डबा यादीत घाला, पुढे लिहा 'सध्या धाकटीकडे'. 'नेला', 'उचलला' असले शब्द कागदावर नकोत. कुलपाच्या तीन किल्ल्या करा.

'आई म्हणाली होती' याला बहुतेक ठिकाणच्या कायद्यात फारसं वजन नसतं. मृत्युपत्र लेखी लागतं, साक्षीदार लागतात. आईने हयातीत वस्तू हातात दिली असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडचे नेमके नियम तिथल्या वकिलालाच विचारा. एकट्याने ठरवू मात्र नका. आईने 'मुलांनी' लिहिलंय, 'मधलीने' नाही.

रात्रपाळी
आमच्या घरातली धाकटी मी. वडिलांजवळ सहा वर्षं होते.

तुमच्या बहिणीला मशीन हवंय, पण ती भांडतेय ते मशीनसाठी नाही. ते 'भाडं न देता' अजून तिच्या कानात आहे. माझा भाऊ म्हणाला होता, "तुला तसंही काय काम होतं?" त्यानंतर मी एका मोडक्या खुर्चीसाठी आठ महिने अडून बसले. खुर्ची शेवटी मिळाली, पण बसत नाही तिच्यावर कुणी.

सेवेचा हिशेब वस्तूंमध्ये मिसळू नका. मशीन दिलं म्हणजे चार वर्षं फिटली असं दादाला वाटेल आणि तिला ते भीक दिल्यासारखं वाटेल. वाटणीच्या आधी मोठ्या रकमेतून तिच्यासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढा, तिघांच्या लेखी संमतीने. तिची किती कमाई बुडाली आणि बाहेरची बाई ठेवली असती तर काय लागलं असतं, त्यावरून आकडा काढता येतो. राहण्याचं भाडं वजा करायचं म्हणतोय ना दादा? करू द्या. कागदावर मांडलं की कळेल त्याला उरतं किती ते.

बेरीजवजाबाकी
सामान विकण्याआधी एक पद्धत करून पाहा. ब्रोनिस्लाव क्नास्टर नावाच्या पोलिश गणितज्ञाची आहे. ह्युगो स्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं.

न तुटणाऱ्या वस्तूची आपल्या लेखी किंमत प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायची, एकमेकांना न दाखवता. समजा ९, ६ आणि ३ निघाले. ९ वाल्याला वस्तू. त्याच्या मते त्याचा न्याय्य वाटा ३ होता, मिळाले ९, म्हणून त्याने वरचे ६ तिघांच्या सामाईक गल्ल्यात टाकायचे. त्यातून दुसरा आपला तिसरा हिस्सा २ घेतो, तिसरा १ घेतो. उरतात ३, ते एकेक वाटून घ्यायचे. म्हणजे वस्तू घेणाऱ्याने शेवटी ५ दिले, बाकीच्यांना ३ आणि २ मिळाले. प्रत्येकाच्या पदरात त्याला न्याय्य वाटत होतं त्यापेक्षा १ जास्तच.

खोट एवढीच की ज्याच्या खिशात पैसा जास्त तो सगळं ओढू शकतो. तुमच्याकडे ती भीती असेल तर पैशांऐवजी गुण वापरा. प्रत्येकाला १०० गुण, हवे तसे वस्तूंवर वाटायचे आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. मग तुमची वहीसुद्धा चोरून मागावी लागणार नाही, ती तुमच्या चिठ्ठीतच असेल.

मधली
महिन्याने लिहितेय. गुणांचं केलं. दादा आधी "हे काय शाळेतलं" म्हणाला, पण चिठ्ठी लिहायला सगळ्यात जास्त वेळ त्यानेच लावला.

मशीनवर धाकटीचे ६०. दादाचे किती? ५! त्याचे ६५ होते बाबांच्या हत्यारांच्या पेटीवर. ती पेटी त्याला हवी आहे हे आम्हा दोघींना माहीतच नव्हतं, मी तर ती भंगारात धरली होती. मशीनसाठी इतके महिने का भांडलास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ती इतकं ठामपणे सांगत होती की आईने तिलाच दिलंय, म्हणून."

वहीवर माझे ७०, त्यांचे शून्य. अशी वही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या पानावर दादाच्या पहिल्या बुटांची किंमत आहे. त्याने ते पान फोनवर टिपून घेतलं.

धाकटीच्या चार वर्षांचं मात्र अर्धवटच राहिलंय. रकमेला दादाने हो म्हटलं, पण तिने मांडलेल्या आकड्याच्या निम्म्याला. 'भाडं' हा शब्द पुन्हा काढला नाही. चुकलं, असंही म्हणाला नाही. धाकटी विचार करतेय, आणि मी तिला घाई करत नाहीये.

आणि आईच्या बांगड्या. दोन बांगड्या, आम्ही तिघं आणि तिघांच्याही चिठ्ठीत २०. सध्या माझ्या कपाटात आहेत. यादीत तसं लिहिलंय.

जुनाकारकून
त्या पानावर तिघांच्या सह्या झाल्या ना?

मधली
दादाची राहिलीय. रविवारी पेटी न्यायला येतोय, तेव्हा घेते.