मदत हवी आहे: थंडीत ब्रेड फुगत नाही, तळाला गिच्च राहतो

खानापूर_रोड:
ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ब्रेड करायचा आहे, पण थंडी पडल्यापासून दर वेळी वीटच होते. प्रमाण असं: मैदा ४०० ग्रॅम, पाणी २६० मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, मीठ ८, साखर १०, लोणी २० ग्रॅम. सकाळी स्वयंपाकघरात १६ अंश. कणीक एक तास झाकून, मग टिनमध्ये अर्धा तास. १८० अंशावर २५ मिनिटं. एका कडेला लांब चीर जाते आणि तळाला ओलसर, चिकट थर राहतो. बेळगाव उंचावर आहे, त्यामुळे होतंय का? यीस्ट वाढवू का?

पाववाला_काका:
उंचीला दोष देऊ नका ओ. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि उंचीवर कणीक उलट लवकर फुगते. कडेची चीर सांगते की कणीक कच्ची असतानाच ओव्हनमध्ये गेली. आत फुगायची ताकद शिल्लक होती, वरची साल आधी धरली, मग जिथं कमजोर तिथं फाटली. प्रमाणात चूक नाही, यीस्टही पुरेसं आहे. वाढवलंत तर वास मारेल.

चूक पाण्यात आहे. मळून झालेली कणीक २६ अंशांची हवी. खोली, पीठ आणि पाणी अशी तीन तापमानं धरायची, म्हणून २६ गुणिले ३ म्हणजे ७८, त्यातून खोलीचे १६ आणि पिठाचे १६ वजा केले की ४६. हाताने मळताना दोनेक अंश वाढतात, तेही वजा करा. पाणी ४४ चं घ्या. थर्मामीटर नसेल तर एक वाटी उकळतं आणि दोन वाट्या नळाचं, बरोब्बर तिथंच येतं. यीस्ट पिठात मिसळा, उकळत्या पाण्यात थेट नको. साठ अंशांच्या पुढं यीस्ट मरतं.

आणि घड्याळ बघू नका, कणीक बघा. दुप्पट झाली पाहिजे, मग दीड तास लागो की अडीच. टिनमध्ये काठाच्या बोटभर वर आली की पिठात बुडवलेलं बोट दाबा. खळगा लगेच भरला तर थांबा, हळूहळू अर्धाच भरला तर ओव्हन तापवा. भरलाच नाही तर उशीर झालाय, भाजताना मधोमध बसणार.

नाचणी_लाडू:
भांडं कडप्प्याच्या कट्ट्यावर ठेवत असाल तर तिथंच घोटाळा. दगड कणकेची ऊब ओढून घेतो, वर कितीही झाका. खाली पोत्याची जाड घडी घाला. त्याहून बरं म्हणजे बंद ओटीजीत कणीक आणि शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं, पाऊण तासानं पाणी बदलायचं. ओटीजी 'जरासा' चालू करायचा मोह टाळा. बऱ्याच मॉडेलांत सर्वांत कमी आकडाच ८० ते १०० असतो, कडेची कणीक शिजते.

खानापूर_रोड:
कट्ट्यावरच ठेवत होते की! आणि तळाचं काय? अर्धी गव्हाची कणीक घातली तर?

पाववाला_काका:
१८० वर २५ मिनिटं कमीच. १५ मिनिटं आधी तापवा, खालची जाळी वापरा, दोन्ही कॉइल चालू, २०० वर ३० ते ३५ मिनिटं. वरून रंग लवकर आला तर फॉइल टाका. मधोमध ९३-९५ अंश झाले की झालं. टिनमधून लगेच काढून जाळीवर, आणि तासभर सुरी लावू नका. गरम कापला तर नीट भाजलेलाही गिच्च लागतो.

गव्हाचं पीठ अर्धं चालेल. पाणी २० मिली वाढवा, आणि मीठ-यीस्ट न घालता पीठ नुसतं भिजवून २० मिनिटं ठेवा, कोंडा मऊ होतो. मग पाणी थंड होतं, म्हणून कोमटच घ्या नि झाकून ठेवा. ज्वारी मात्र ४०-५० ग्रॅमच्या वर नको. तिला गव्हासारखी चिकी नसते, हवा धरत नाही.

नाचणी_लाडू:
भाजताना लाईट गेली तर दार उघडू नका. पहिली २० मिनिटं झाली असतील तर आतल्या उष्णतेवर बरंच निभावतं, लाईट आल्यावर तेवढी मिनिटं वाढवा.