कंडोम आणि एचपीव्ही

'कंडोम वापरला की एचपीव्हीची चिंता नको' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, शरीरसंबंधातून पसरणारा आणि कधीकधी कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू. हा विषाणू त्वचेला त्वचा लागून पसरतो, त्यासाठी वीर्य किंवा रक्त लागत नाही. जांघ, वृषणावरची त्वचा, योनीमुखाभोवतीचा भाग कंडोमने झाकला जात नाही आणि तिथूनही लागण होते. मुखमैथुनातूनही होते. कंडोमने धोका कमी होतो, म्हणून तो वापराच.

एचपीव्हीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट पाहून जोडीदाराने फसवलं असं समजणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: हा विषाणू काहीही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षं अंगात राहू शकतो. तो कधी आणि कोणाकडून आला हे रिपोर्टवरून ठरवता येत नाही. कृपया त्यावरून संसार मोडू नका.

बहुतेकांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला तर काळजी. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७०% कर्करोगांमागे या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार असतात. जननेंद्रियांवरचे चामखीळ बहुतांशी ६ आणि ११ मुळे येतात, म्हणजे चामखीळ दिसला की कर्करोग होणारच असं नाही.

एचपीव्हीची लस शरीरसंबंध सुरू होण्याआधी, ९ ते १४ वयात घेतली तर सर्वांत उपयोगी. मुलग्यांनाही द्या, त्यांनाही घशाचा आणि गुदद्वाराचा कर्करोग होऊ शकतो. आधी झालेला संसर्ग मात्र लसीने जात नाही आणि सगळे प्रकार तिच्यात येत नाहीत. त्यामुळे लस घेतलेल्या बायकांनीही तिशीपासून गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायचीच.