मदत हवी आहे: चोर्ला घाटात कूलंट 108 अंशांवर

मंडळी, गाडी मिड-इंजिन स्पोर्ट्स कार, म्हणजे इंजिन सीटांमागे, रेडिएटर मात्र पुढच्या बंपरमागे. बेळगावात सपाटीला ओबीडीवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा स्कॅनर) कूलंटचं तापमान 88-92 अंश. चोर्ला चढताना एसी लावला की 108. डॅशचा काटा मात्र मध्यावरच ढिम्म, त्याच्यावर विसंबूच नये. कूलंट नवं, डिस्टिल्ड वॉटरसोबत 50:50. दोन्ही फॅन फिरतात. कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या फटीत पाचोळा नि लाल माती थापली होती. बंपर उतरवून कमी दाबाच्या पाण्यानं धुतली, फरक जेमतेम. टाकीतली पातळी घटत नाही, म्हणून हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या जोडातलं सील) संशय कमी. मग थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) पूर्ण उघडत नाही, की वॉटर पंपाचा इंपेलर (कूलंट ढकलणारा पंखा) झिजलाय? पंप न उतरवता कसं ओळखायचं? इंजिन ते रेडिएटर लांब पाइपांत हवा अडकली असेल, तर व्हॅक्यूमनं (आधी हवा ओढून काढून) कूलंट भरून देणारं गॅरेज बेळगावच्या उद्यमबागेत आहे का?