पाण्यासाठी निधी जमवताना आवाहनात काय लिहावं?

पाणपोई:
वेगवेगळ्या देशांतल्या शाळांमध्ये मुलांना पिण्याचं शुद्ध पाणी मिळावं म्हणून आमचा गट निधी जमवतोय. "एवढ्या रकमेत एका मुलाला आयुष्यभर पाणी" असं वाक्य आवाहनात घालावं असं बऱ्याच जणांचं मत आहे. ते खरं धरता येईल का? आणि पैसे ज्या संस्थेच्या हाती द्यायचे, तिला काय विचारायचं?

घागर:
ते वाक्य काढाच. बोअर आणि हापशाच्या खर्चाला माणसांच्या संख्येनं भागलं की असा आकडा निघतो. त्यात दुरुस्ती कुठेच नसते, आणि हापसा बंद पडतो तो दुरुस्तीअभावी. पंपाच्या सिलिंडरमधला (जमिनीखालच्या नळकांड्यातला) वॉशर झिजला की धार बारीक होते. खालचा व्हॉल्व्ह गळायला लागला की रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि सकाळी मुलांना बराच वेळ कोरडंच हापसावं लागतं. सुटा भाग क्षुल्लक किमतीचा, पण तो जवळपास मिळत नाही, नाहीतर तो बसवणारं कुणी नसतं.

म्हणून पहिला प्रश्न हा: कोणता पंप, आणि त्याचे सुटे भाग किती अंतरावर मिळतात? साध्या इंडिया मार्क २ हातपंपाचा वॉशर बदलायचा तर अख्खा पाइप उपसावा लागतो. त्याला ट्रायपॉड, क्लॅम्प आणि चार हात लागतात. अ‍ॅफ्रिडेव्ह हातपंपाचा पिस्टन वॉशरसकट पाइप न हलवता वर येतो, गावातली माणसं शिकून घेऊ शकतात, पण पाणी साधारण ४५ मीटरच्या आत असेल तरच. पाण्याचा पीएच ६.५ च्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तर जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजतात, पाणी तांबूस येतं आणि लोक ते पिणं सोडतात. अशा ठिकाणी पीव्हीसी किंवा स्टेनलेस स्टील हवं.

निवळी:
घागर यांच्याशी सहमत, पण पाणी येतंय म्हणजे ते पिण्याजोगं आहे असं नाही. बांगलादेशात जुलाब-कॉलरा टाळावा म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांतल्या पाण्यात आर्सेनिक हे विष असल्याचं १९९३ मध्ये उघड झालं. पाणी नितळ होतं, चवीतही फरक नव्हता.

त्यामुळे संस्थेकडे तपासणीचे कागद मागा: लिटरला आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमच्या आत, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या आत, १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) शून्य. पाणी उकळून आर्सेनिक किंवा फ्लोराइड जात नाही. जंतूंची तपासणी पावसाळ्यात पुन्हा व्हायला हवी. उन्हाळ्यात पास झालेली विहीर पहिल्या पुरानंतर नापास होऊ शकते.

शाळेचा हिशेब विद्यार्थ्यामागे रोज ३ लिटर (पिणं आणि हात धुणं) असा धरतात. २०० मुलांना ६०० लिटर. पाणी स्वच्छ असेल तर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण १२० मिलिलिटर. अर्ध्या तासानं निदान ०.५ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी गाळणी. एवढं करून पाणी उघड्या पिंपात ठेवलं आणि मुलांनी त्यात पेले बुडवले तर सगळी मेहनत फुकट. तोटीचं, झाकणाचं भांडं अंदाजपत्रकात आहे का ते बघा.

पाणपोई:
आभार. म्हणजे एकाच शाळेचं नाव घेऊन पैसे मागू नयेत?

घागर:
नाव घ्या, पण "फक्त या शाळेच्या बोअरसाठी" अशी अट नको. बोअर कोरडी गेली तर पैसे अडकून पडतात. पाणी लागलं नाही तर निधी कुठे वळवणार, हे आवाहनातच लिहा. एकरकमी देणग्यांतून बांधकाम करा. दरमहा येणारी छोटी रक्कम दुरुस्ती आणि तपासणीसाठी राखून ठेवा. वर्षानं देणगीदारांना उद्घाटनाचा फोटो पाठवू नका, पंप किती दिवस बंद होता आणि तपासणीत काय निघालं ते कळवा.