आधी गाडी मोकळी फिरते का बघा
रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाडीत जास्त एमएएचचा, म्हणजे जास्त क्षमतेचा बॅटरी पॅक टाकूनही ती बारा मिनिटांतच मान टाकते, अशी एकाची तक्रार आहे. नवा पॅक घेण्याआधी एक करा: मोटर मागे सरकवून पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा दातेरी गिअर) सोडवा, गाडी उलटी धरा आणि चाकाला बोटाने झटका द्या. ते मोकळं फिरत राहिलं पाहिजे. चटकन थांबलं तर बॅटरी तिथेच वाया जातेय. माझ्या गाडीत मागच्या बेअरिंगपाशी लांब केस घट्ट गुंडाळला गेला होता. चिमट्याने काढला आणि मोटर तापायची कमी झाली.

हिशोब सरळ आहे. ३००० एमएएचच्या पॅकमधून सरासरी १५ अँपिअर ओढले तर १२ मिनिटं, १० ओढले तर १८. म्हणून मोटरने कमी करंट ओढावा यासाठी पिनियन एक-दोन दातांनी लहान लावून बघा. टॉप स्पीड थोडा जाईल, मला तो सौदा पटतो. कनेक्टर हाताला चटका देत असेल तर सोल्डर पुन्हा करा.

बॅटरी लायपो (लिथियम-पॉलिमर) असेल तर मात्र कळकळीने सांगतो, दोन जास्तीच्या मिनिटांसाठी कटऑफ (ज्या व्होल्टेजला गाडी आपोआप थांबते ती मर्यादा) खाली नेऊ नका. पॅकमधला सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याची क्षमता कायमची घटते. आठवडाभर गाडी काढणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, फुल चार्ज करून नाही.