अमेरिका जागतिक सत्ता कशी झाली: नववीला दोन तासिकांत कसं शिकवावं?

प्रश्न: १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धापासून सुरुवात करते. पण मुलं 'मेन ही अमेरिकेची युद्धनौका बुडाली म्हणून युद्ध झालं' एवढंच लिहितात. काय करावं?

उत्तर १: नकाशा आधी, युद्ध नंतर. पॅसिफिकच्या कोऱ्या नकाशावर अमेरिकेने ताब्यात घेतलेली बेटं, म्हणजे मिडवे (१८६७), मग हवाई, ग्वाम, फिलिपिन्स (तिन्ही १८९८) जोडायला लावा. वाफेच्या जहाजांना वाटेत कोळसा लागायचा. चीनच्या बाजारपेठेकडे जाणारी रांग मुलांना आपोआप दिसते.

उत्तर २: सहमत, पण मॅडम, हवाईला वेगळा रंग द्या. ते स्पेनकडून मिळालेलं नाही. मुलं ते हमखास हे युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहात घुसवतात. फिलिपिन्ससाठी अमेरिकेने स्पेनला २ कोटी डॉलर मोजले, हेही सांगा.

उत्तर ३: आणि १८९९ मध्ये तिथेच फिलिपिनो लोकांशी युद्ध पेटलं, ते गाळू नका. पनामा कालवा (१९१४) दुसऱ्या तासिकेला. पहिल्यात कोंबलात तर नकाशा अर्धाच राहतो.