गोदाकाठाने सायकल सहल : पैठण, आपेगाव, जांब समर्थ

प्रश्न

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा पुतण्या छत्रपती संभाजीनगरहून पैठण, तेथून आपेगाव आणि पुढे घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थमार्गे परतूरपर्यंत सायकलने जाण्याच्या विचारात आहोत. एकनाथांचे पैठण, ज्ञानेश्वरांचे आपेगाव आणि रामदासांचे जांब ही तिन्ही गावे महामार्ग टाळून एकाच सहलीत पाहावीत, एवढीच इच्छा आहे. नकाशावर जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेने सलग रस्ता दिसतो. गिअरच्या साध्या सायकलींवरून तेथून जाता येईल का? घाई नाही, तीन दिवस आहेत.

उत्तर १

आमचे शेत याच कालव्याखाली असल्याने अनुभवाने सांगतो. डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे आणि तो जमिनीचा उतार धरून चालतो, त्यामुळे भरावावरच्या रस्त्याला चढ जवळजवळ नाही. मात्र वळणे इतकी आहेत की समोर दिसणारे गाव गाठायला दुप्पट अंतर कापावे लागते. रब्बीचे आवर्तन (पिकांसाठी कालव्यात सोडलेले पाणी) सुटले की काही ठिकाणी पाझराने भरावाची काळी माती ओली राहते. गेल्या वर्षी मी अशाच एका तुकड्यात शिरलो आणि पन्नास पावलांत मडगार्ड व चाक यांच्यामध्ये माती इतकी घट्ट बसली की चाक फिरेना. शेवटी तुरीच्या काडीने ती उकरत सायकल खांद्यावर घेऊन खडीच्या रस्त्यापर्यंत आलो. मडगार्ड काढूनच या. दोन्ही कडांना वेडी बाभूळ आहे, तिचा काटा टायरमधून आरपार जातो, म्हणून प्रत्येकी दोन ट्यूब हव्यातच.

उत्तर २

वरील मत योग्य आहे, परंतु मी दिशेचा मुद्दा आधी मांडेन. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो आणि ऊन वर आले की जोर धरतो, त्यामुळे पैठणहून परतूरकडे जाताना तो दिवसभर तोंडावर राहील. सायकली छोट्या टेम्पोतून परतूरला न्याव्यात आणि तेथून पश्चिमेकडे यावे, हे अधिक सोयीचे. तसे केल्यास शेवटचा मुक्काम पैठणला पडतो आणि सकाळी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी जलाशयाच्या, उथळ काठावर चक्रवाक पक्षी पाहता येतात. नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही दिसतात. पैठण हे तीर्थक्षेत्र असल्याने राहण्याची अडचण येत नाही. तेथून शहरापर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर मात्र बिडकीनच्या औद्योगिक वाहतुकीतून जातात, ते पहाटेच आटोपावेत.

उत्तर ३

कालव्याचा मोह मला पटत नाही. गावागावांना जोडणारे डांबरी रस्ते सुटसुटीत आहेत आणि खरा धोका तेथे उसाचा आहे. गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसतानाही चालतात आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस सायकलस्वाराच्या खांद्याच्या उंचीवर असतो. सूर्यास्तानंतर सायकल चालवू नये, हा एकच नियम कडक पाळावा. शहागडजवळ धुळे-सोलापूर महामार्ग ओलांडताना उतरून, सायकल हातात धरून पलीकडे जावे. आणि हो, महिनाअखेरीस निघालात तर वाटेत कोणीतरी हुरड्याला थांबवेल. मग तीन दिवसांचे चार झाले तरी आम्हाला दोष देऊ नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सहल दोन आठवडे पुढे ढकलतो, परतूरहून सुरुवात करतो आणि कालव्याचा रस्ता आपेगावच्या आसपास कोरडा सापडला तरच तेवढ्यापुरता घेतो. मडगार्ड आजच काढतो; पुतण्याला ते आधीपासूनच आवडत नव्हते.